कात टाकल्यावरचे दहा दिवस

आमच्या घरी एक कोळी होता असं मी कुणाला सांगितलं की ऐकणारा हमखास जाळी झाडायच्या लांब झाडूची गोष्ट काढतो. आमचा कोळी तसला नव्हता. तो माझ्या तेव्हाच्या तळहाताएवढा होता, अंगावर तपकिरी मखमलीसारखे केस होते, आणि बैठकीत शिवणयंत्राच्या बंद झाकणावर ठेवलेल्या काचेच्या पेटीत तो राहायचा. खरं तर ती राहायची. नलूआत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही मादी आहे आणि हिला टॅरँट्युला म्हणायचं. तो शब्द आत्याशिवाय घरात कुणाच्याच तोंडात बसला नाही. बाबा म्हणायचे, 'तुहा प्राणी'. आई म्हणायची, 'पाहुणी', आणि सुरुवातीला त्या शब्दात पाहुणीनं आता आपल्या घरी जावं असाच भाव असायचा.

आम्ही सेलूला राहत होतो. अडीच खोल्या, वर टिनाचं छत, मागे न्हाणी आणि सरपणाचा ढीग. बाबा तहसिलीत कारकून होते. नलूआत्या बाबांची सगळ्यांत धाकटी बहीण. आजी-आजोबा गेल्यावर ती आमच्याकडेच वाढली, आणि मी अकरा वर्षांची होते तेव्हा ती वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रोज सकाळच्या एसटीनं जायची, दुपारच्या एसटीनं यायची. तिची चाहूल मला लांबून लागायची, कारण ती फाटकापासूनच माझ्या नावानं हाका मारत यायची, 'शोभे, ये शोभे, पाह्य काय आनलं.' कधी बेडकाचं पिल्लू, कधी पाकोळीचं पडलेलं घरटं. समोरच्या पिठाच्या गिरणीचा टुकटुक आवाज, केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्यांची करकर आणि आत्याची ती हाक, माझ्या लहानपणाचा आवाज म्हटला की मला एवढंच ऐकू येतं.

पाहुणी तिला केळीच्या एका बागेत सापडली. पाण्याच्या पाटाचा बांध ढासळला होता आणि आतलं रेशमी अस्तराचं बीळ उघडं पडलं होतं. आत्यानं तिला जेवणाच्या डब्यात घालून आणलं. आईनं डबा उघडला भांडी घासायला. त्यानंतर आईनं तो डबा घासला नाही, फेकला, आणि दोन दिवस आत्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, 'नलूबाई, एक दिवस उकळतं पानीच ओतीन मी तिच्यावर. मंग मले काही म्हनू नका.' हे वाक्य सगळ्या घरानं ऐकलं होतं, आणि पुढं ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मला मात्र पाहुणीमुळे एक काम मिळालं होतं. तिच्यासाठी रातकिडे धरायचे. संध्याकाळी सरपणाच्या ढिगाजवळ बसायचं, एक लाकूड उचलायचं, आणि सैरावैरा पळणाऱ्यांतला एक मुठीत धरायचा. चहाच्या रिकाम्या डब्याला मी खिळ्यानं भोकं पाडली होती, त्यात ते ठेवायचे. चार-पाच दिवसांनी आत्या पेटीची जाळी किंचित सरकवायची आणि मी एक रातकिडा आत सोडायचे. पाहुणी करवंटीच्या तुकड्याखाली बसलेली असायची. रातकिडा पाच-सहा पावलं चालायचा आणि मग काय झालं ते डोळ्यांना दिसायचंच नाही, एकदम तो तिच्या तोंडात असायचा. मी शाळेत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की मुली मला 'कोळ्याची शोभा' म्हणायच्या. मला ते आवडायचं. दिसायला मी बेताची, गणितात कच्ची, माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आई हळूहळू वळली. कधी वळली ते सांगता येणार नाही. एकदा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं रातकिडा निघाला. एरवी तिनं चप्पल मारली असती. त्या दिवशी तिनं त्याच्यावर पितळी पेला उपडा घातला आणि तिथूनच ओरडली, 'नलूबाई, तुमच्या पाहुनीचं ताट वाढून ठेवलं वं!' आत्या धावत गेली. दोघींचं हसणं मी बैठकीत बसून ऐकलं. मग हे रोजचंच झालं. आई भाकरी थापता थापता विचारायची, 'जेवली का ती?' आत्या सांगायची. ज्या कामाची मी एकटी मदतनीस होते त्यात आता आई शिरली होती, आणि ती मोठी असल्यामुळे आत्या तिलाच सगळं समजावून सांगायची. आईचा राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला राग येत होता, आणि तो राग आहे हेही मला कळत नव्हतं.

महालक्ष्म्या उठल्या त्या सुमाराला पाहुणीनं खाणं सोडलं. पाठीमागचा फुगीर भाग काळपट दिसायला लागला. आत्या म्हणाली, कात टाकणार. आम्ही रोज बघायचो. आणि एका रविवारी सकाळी आईचा आवाज आला, 'नलूबाई! मेली वं पाहुनी!' तो आवाज मी विसरलेले नाही, कारण त्यात खरोखरच रडू होतं. पाहुणी पाठीवर पडली होती, आठही पाय वर. आत्या केस विंचरता विंचरता तशीच आली, वाकली, आणि म्हणाली, 'हात लावू नका. पेटी हालवू नका. मेली नाई ते. कात टाकून राह्यली.'

त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक दुपारी दोनला झाला. आईनं तुरीची डाळ निवडायला सूप घेतलं ते पेटीसमोरच बसून. बाबाही वर्तमानपत्र घेऊन तिथंच. सकाळभर काही होत नव्हतं, मग छातीवरचं कवच डब्याचं झाकण उघडावं तसं सुटलं, आणि पाहुणी आपल्याच पायांतून आपले पाय ओढून काढायला लागली. थोडं ओढायची, थांबायची. आई सुपातला हात तसाच ठेवून बघत होती. 'बाळंतपनच हाय बाई हे,' ती म्हणाली. शेवटी जुनी कात एका बाजूला पडली, अगदी दुसरी पाहुणीच वाटावी अशी, आणि ही नवी तिच्याशेजारी ओलसर, फिकी, थकून पडून राहिली. आत्यानं मला आणि आईला जवळ बोलावून तिचे सुळे दाखवले. जुने काळेभोर होते. हे नवे तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे होते.

'आता हे मऊ आहे,' आत्या म्हणाली. 'पांढरे हायेत, मंग तांबूस होतीन, मंग काये. काये झाले की समजायचं कडक झाले. तोवर हिले कोनालेच चावता येत नाई. आता हिच्या पेटीत रातकिडा सोडला तं ही त्याले नाई खानार, तोच हिले खाईन.'

'किती दिवस?' आईनं विचारलं.

'दहा तरी. फक्त पानी ठेवायचं.'

'दहा दिवस उपाशी? एवढी दमली ते. काई पातळ देता येत नाई का? दूधभात?'

आत्या इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. आईही हसली. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या आणि मी मध्ये उभी होते. लग्न होऊन आई त्या घरात आली तेव्हा आत्या सात-आठ वर्षांची होती. पण मी त्यांना असं मैत्रिणींसारखं त्या दिवशीच पाहिलं.

मंगळवारी आत्या कॉलेजच्या सहलीला गेली. आठ दिवस, मेळघाटाकडे, वनस्पती आणि किडे गोळा करायला. जाण्याआधी तिनं वहीचं पान फाडून पेटीच्या काचेवर चिकटवलं. 'सुळे काळे झाल्याशिवाय खायला देऊ नये. पाणी रोज बदलावे.' मग ती आईला म्हणाली, 'वहिनी, तुमच्या भरोशावर ठेवून चालली. शोभी पानी बदलवन, पन तुमी लक्ष ठेवजा.' आईनं मान डोलावली, एखादं तान्हं मूल सोपवल्यासारखी. मी ते पान रोज वाचत होते. मला ते पाठ होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मला कधी कधी स्वतःची समजूत घालावीशी वाटली आहे की मी लहान होते, मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

भुलाबाई बसली होती. आमच्याकडे तेव्हा मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमायच्या, भुलाबाई-भुलोजीपुढं टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या, आणि शेवटी डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. शनिवारी आमचं घर होतं. आईनं दुपारपासून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, केल्या होत्या, ओळखणं अवघड जावं म्हणून. गाणी झाली आणि आई डबा आणायला आत गेली. मुली पेटीभोवती जमल्या. त्यांच्यात मंदा होती. मंदाचे वडील डॉक्टर, तिच्याकडे रबराची चाकं असलेली बाहुली होती, आणि ती काय म्हणते याकडे वर्गात सगळ्यांचं लक्ष असायचं. पाहुणी कोपऱ्यात न हलता बसली होती. मंदानं काचेवर टिचकी मारली.

'हा तं मेला हाये,' ती म्हणाली.

'मेला नाई. आराम करून राह्यली.'

'हालत काऊन नाई मंग? मेलेला कोळी ठेवते अन् शाळेत गोष्टी सांगते.'

कुणीतरी हसलं. मी चहाचा डबा आणला. मी वाकून सुळे पाहिले, तेवढं मात्र मी केलं. ते पांढरे नव्हते, तांबूस होते. मी मनाशी म्हटलं, जवळजवळ काळेच आहेत. आणि एक सोडला तर मंदा म्हणेल तो दिसलाच नाही, म्हणून मी तीन रातकिडे सोडले.

पाहुणी त्यांच्यावर झडप घालणार म्हणून आम्ही बारा-तेरा जणी श्वास रोखून उभ्या होतो. ती मागे सरकली. एक रातकिडा तिच्या पायावर चढला तेव्हा तिनं पाय झटकला आणि आणखी मागे, काचेला लागून बसली. 'पाह्य, हालली!' मी ओरडले. मुली किंचाळल्या. तेवढ्यात आई डबा वाजवत आली आणि सगळ्या तिकडे धावल्या, 'लाडू! चिवडा! शंकरपाळे!' मीही धावले. मंदानं सांबारवडी ओळखली नाही, याचा मला आनंद झाला. जाताना ती म्हणाली, 'तुही पाहुनी मस्त हाये.' त्या आनंदात मी जेवले आणि झोपले. रातकिडे पेटीतच राहिले.

सकाळी पाणी बदलायला गेले. पाहुणीचे पाय पोटाखाली मुडपलेले होते, मूठ मिटावी तसे. दोन रातकिडे तिच्या पोटावर बसले होते. ते काय करत होते ते मी लिहीत नाही. मी त्यांना चिमट्यानं काढलं, तिसरा शोधून काढला, न्हाणीमागं नेऊन फेकले, आणि वेणी घालायला आईपुढं जाऊन बसले. माझ्या केसांत आईची फणी फिरत होती आणि मी बोलले नाही.

आईला दुपारी कळलं. तिला वाटलं, कात टाकण्याच्या अशक्तपणानं ती गेली. पुढचे तीन दिवस ती हातातलं काम सोडून मध्येच म्हणायची, 'आता नलूबाईले काय सांगू?' तिनं पेटीला हात लावला नाही, आत्यालाच पाहू दे म्हणाली. बुधवारी आत्या यायची म्हणून तिनं गोळाभात केला, भातात डाळीच्या पिठाचे गोळे, वर हिंग-लसणाची फोडणी, कारण आत्याला तो सगळ्यांत जास्त आवडायचा.

आत्या आली. आईनं फाटकातच तिचा हात धरून सांगितलं. आत्या सरळ आत आली, पेटी उघडली, पाहुणीला तळहातावर घेऊन खिडकीशी नेलं. बराच वेळ पाहिलं. मग मातीत बोट फिरवलं आणि रातकिड्याची एक तुटकी तंगडी उचलली.

'हे आपसूक नाई मेली,' ती म्हणाली. 'हिले खाल्लं आहे. कोनं टाकले रातकिडे?'

तिनं माझ्याकडे पाहिलं. 'शोभे?'

'आईनं,' मी म्हणाले.

मी आधीपासून ठरवलं नव्हतं. तो शब्द आला, आणि आल्यावर मी त्याला आणखी शब्द जोडले. 'तिले वाटलं उपाशी आहे म्हनून.' हे खरं वाटण्यासारखंच होतं. दूधभाताची गोष्ट सगळ्यांच्या समोरची होती.

आई दारात उभी होती. 'मी?' ती म्हणाली. 'मी नाई टाकले. नलूबाई, मी नाई टाकले वं.'

'लिहून ठेवलं होतं,' आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. 'बोलूनही सांगितलं होतं.'

'मले वाचता येते. मी नाई टाकले.'

बाबा खुर्चीतून म्हणाले, 'जाऊ दे ना आता. एका किड्यापायी काय? अन् लेकरू खोटं कायले बोलन?' आणि मग, हसून, वातावरण हलकं करावं म्हणून, 'उकळतं पानी नाई ओतलं, हेच खूप झालं.'

आत्यानं आईकडे एकदा पाहिलं. त्या वाक्यानं तिचं मन पक्कं झालं असावं. ती जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली. गोळाभात आम्ही तिघांनी खाल्ला, आणि माझ्या घशातून तो सरळ उतरला. हे मला आजही लाजेनं मान खाली घालायला लावतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई दोघीच घरात होतो. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता, वर न बघता तिनं विचारलं, 'तूनं टाकले ना?'

तिच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं असतं तर तिनं मला मारलंही नसतं, उलट आत्याजवळ नेऊन उभं केलं असतं आणि पाठीवर हात ठेवला असता. एवढी मी माझ्या आईला ओळखत होते.

'नाई,' मी म्हणाले.

'बरं,' आई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. तिनं मला पुन्हा कधीच विचारलं नाही.

पहिलं खोटं घाबरून बोलले असं म्हणता येईल. हे दुसरं मी तिच्या तोंडावर, सगळं समजून बोलले. माझ्या आयुष्यात मी आणखी खोटं बोलले असेन, पण झोप उडते ती याच्यामुळे.

दिवाळीनंतर आत्यानं वर्ध्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. रोजचं जाणं-येणं झेपत नाही, हे कारण. पुढं ती नागपूरला शिकली, तिथंच कॉलेजात शिकवायला लागली, लग्न झालं. भाऊबीजेला यायची, बाबांना ओवाळायची, आईच्या पाया पडायची. बोलणं अगदी व्यवस्थित. आईही वाढायची, आग्रह करायची. पण स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. आणि बाबांनी त्या गोष्टीचा किस्सा केला. जावई आले, व्याही आले, की सांगायचे, 'आमच्या हिनं तं बहिनीच्या कोळ्याले प्रेमानं खाऊ घालून मारलं!' सगळे हसायचे. पहिली काही वर्षं आई म्हणायची, 'मी नाई टाकले.' मग म्हणेनाशी झाली. पाण्याचा तांब्या उचलून आत जायची. हसणाऱ्यांत मी असायचे.

आई जाऊन बारा वर्षं झाली. शेवटी ती दोन महिने अंथरुणावर होती आणि मी तिच्याजवळ होते. तेव्हाही वेळ होता.

मागच्या वर्षी माझ्या सुनेनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. आता शहरात लोक शौकानं असले कोळी पाळतात म्हणे. पेटीत एक पाठीवर पडला होता. 'आई, हा मेला का हो?' तिनं विचारलं. 'कात टाकतो आहे,' मी म्हणाले. 'आता दहा दिवस खायला द्यायचं नाही. सुळे काळे झाले की मगच.' ती आश्चर्यानं माझ्याकडे बघत राहिली. तुम्हाला कसं माहीत, असं तिनं विचारलं. त्याच आठवड्यात मी नागपूरला आत्याकडे गेले.

आत्या आता एकटी राहते. गुडघे गेले आहेत, नजर शाबूत आहे. मी चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर सांगितलंच नसतं. भुलाबाई, मंदा, तीन रातकिडे. तिनं मध्ये अडवलं नाही. मी थांबल्यावर तिनं विचारलं, 'कितवा दिवस होता?'

'सहावा.'

'सुये कसे होते?'

'तांबूस.'

'आनखी चार-पाच दिवस लागले असते,' ती म्हणाली. एवढं ती प्राध्यापकासारखं बोलली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, 'वहिनीले सांगितलं होतं?'

'नाई.'

'मंग मले कायले सांगून राह्यली?'

मी रडायला लागले तर ती म्हणाली, 'रडू नको,' पण समजूत घालायचा तो आवाज नव्हता.

'वहिनीनं तं मले तवाच सांगितलं होतं,' ती म्हणाली. 'तिनं दोनदा सांगितलं. मी अकरा वर्षांच्या पोरीचं ऐकलं अन् तिचं नाई ऐकलं.'

मग ती भिंतीला धरत उठली, आत गेली आणि आतून म्हणाली, 'आज तू जा शोभे. मी फोन करीन.'

त्याला सात महिने झाले. तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.